साठ अंशांपर्यंत

द्राक्ष फुटलं नाही.

रबराच्या करड्या बोटांनी ते ताटलीतून उचललं, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि अलगद खाली ठेवलं. पुरस्कार समितीतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

"आता अंडं, कौसाबाई," डॉ. रिसबूड म्हणाले. "सावकाश. घाई नाही."

कौसाबाई पाखरे खुर्चीत ताठ बसल्या होत्या. पन्नाशीच्या, इंदापूरकडच्या. नेसूचं पातळ नवं होतं, घडी नुकतीच मोडलेली. चार वर्षांपूर्वी चारा कापताना त्यांचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला होता, कोपराच्या जरा खालून. त्या जागी आता रिसबूडांच्या संस्थेत बनलेला हात होता. आत मोटारी, वर रबराची कातडी, आणि बोटांच्या टोकांशी त्या कातडीखाली दडवलेली एक पातळ फिल्म. हाताचं सगळं कौतुक त्या फिल्मचं होतं. एखादी वस्तू चिमटीतून निसटायला लागली की आधी अगदी बारीक थरथरते. ती थरथर फिल्म टिपायची आणि मोटारीला कळवायची, पकड आवळ. नाही थरथरली तर उगाच आवळायचं नाही. म्हणून द्राक्ष फुटत नव्हतं.

अंडंही फुटलं नाही. मग त्यांनी पाण्याने भरलेला स्टीलचा पेला उचलून ओठांना लावला, दोन घोट प्यायल्या आणि पदराने तोंड टिपलं. समितीचे अध्यक्ष पुढे वाकून बघत होते.

"डॉक्टर, हे सगळं ज्या पेपरवर उभं आहे, तो तुमचा दोन हजार तीन सालचा ना? किती जणांनी संदर्भ दिलाय आजवर त्याचा?"

"असतील हजाराच्या वर," रिसबूड हसून म्हणाले. "मी मोजायचं सोडलंय."

"तेराशे बारा," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, "केळापुरे मॅडम गृहपाठ करून आलेल्या दिसतात."

रिसबूडांनी माझी नजर टाळली. तासाभरापूर्वी व्हरांड्यात त्यांनी मला ओळखलं होतं.

*

नागपूरच्या एका चाचणी प्रयोगशाळेत मी तेव्हा नोकरी करत होते. रबराचे हातमोजे, सलाइनच्या नळ्या, कुबड्यांची टोकं, अशा वस्तू ताणून, तापवून, तोडून बघायच्या आणि शेरा लिहायचा, हे माझं काम. पुरस्कार समितीला चाचणीतला एक बाहेरचा जाणकार हवा होता. पत्र 'श्रीमती वासंती केळापुरे' या माझ्या लग्नानंतरच्या नावाने आलं. सोबतच्या अर्जात एक प्रश्न होता: अर्जदाराशी आपला पूर्वी काही संबंध आला आहे का? मी 'नाही'वर खूण केली आणि पत्र त्याच दिवशी टपालात टाकलं.

व्हरांड्यात रिसबूड समोरून आले, नमस्कार केला, पुढे गेले आणि थबकले.

"गुंडावार? वासंती?"

"हो सर."

"अगं, केवढी बदललीस!" त्यांचा चेहरा खरोखर उजळला. ते मला सगळ्यांत जास्त लागलं. मला बघून हा माणूस चरकेल अशी माझी नऊ वर्षांची समजूत होती. "नागपूरला असतेस? बरं झालं, आपलं माणूस समितीत आहे ते. पण हे बघ, तू माझ्या हाताखाली होतीस हे आत बोलू नकोस. उगाच कुणीतरी शंका काढायचा."

"नाही बोलणार," मी म्हणाले.

"तेव्हा जरा... तू एकदम निघून गेलीस."

"घरी अडचण होती."

"असं होय," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर थोपटून आत गेले.

घरी काही अडचण नव्हती. मी तीन वर्षं त्यांच्या प्रयोगशाळेत पीएचडी करत होते. चंद्रपूरहून आलेली, वडील कागद कारखान्यात लेथवर. रिसबूडांनी दिलेला विषय 'रोबोटच्या बोटाला दाब कळणं' हा होता, आणि त्यात जगभर लोक आधीच काम करत होते. निसटण्याआधीची थरथर मला सापडली. मी फिल्मच्या तारा ध्वनिवर्धकाला जोडून, कानाला हेडफोन लावून बसायचे आणि स्टीलची वाटी, काचेची बाटली, साबणाची वडी, एकेक वस्तू रबरी बोटावरून हळूहळू घसरू द्यायचे. एके दिवशी वाटी सरकायच्या आधी कुजबुजली. मी हेडफोन काढून रिसबूडांच्या कानाला लावला होता. ते म्हणाले होते, "वासंती, हे फार मोठं आहे."

आणि मोठंच होतं. पेपर परदेशी नियतकालिकात छापून आला तेव्हा त्यावर दोन नावं होती. एक रिसबूडांचं. दुसरं एका जर्मन प्राध्यापकाचं, ज्यांनी त्यांना वर्षभर पाहुणे म्हणून बोलावलं होतं आणि माझं ते रबरी बोट फक्त फोटोत पाहिलं होतं. मी विचारलं तर रिसबूड शांतपणे म्हणाले, "तुझं नाव असतं तर कुणी वाचला असता का हा पेपर? तू लहान आहेस अजून. तुझे पुढे पुष्कळ होतील."

माझे पुढे एकही झाले नाहीत. मी महिन्याभरात वसतिगृह सोडलं.

बाबांना पेपर बघायचा होता. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानावरून बोट फिरवत, एकेक अक्षर लावत माझं नाव शोधायला सुरुवात केली. नववीपर्यंत शिकलेले. अर्धा तास गेला. मी सांगू शकले असते, सांगितलं नाही. शेवटी अगदी शेवटच्या पानावर, आभारांमध्ये, काच कापून दिल्याबद्दल एका कारागिराचं नाव होतं त्याच्या खाली त्यांना ते सापडलं: तांत्रिक साहाय्याबद्दल कु. व्ही. गुंडेवार.

"वासू, चुकलंय इथं," बाबा म्हणाले. "गुंडेवार लिहिलंय त्यांनी. पत्र टाकून दुरुस्त करून घे."

त्या दिवसापासून मी मोजायला लागले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कॉम्प्युटरवर तो पेपर उघडायचा आणि किती जणांनी त्याचा संदर्भ दिला तो आकडा बघायचा. बारा. नव्वद. चारशे. लग्न झालं, मुलगी झाली, बाबा गेले. सहाशे चाळीस. रिसबूड विभागप्रमुख झाले, मग संचालक झाले. हजार. बाकीच्यांना असा आकडा वाढलेला बघून त्रास झाला असता. मला होत नव्हता. उलट एखाद्या महिन्यात कमी वाढला तर मी अस्वस्थ व्हायचे. मला तो वर जायला हवा होता. जितका जाईल तितका.

*

अंड्यानंतर आणि पाण्यानंतर चहा आला. थर्मासमधून कपात ओतून देत होते. अध्यक्षांनी कागद गोळा केले आणि म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय? नाहीतर आम्ही समाधानी आहोत."

"मला यांना विचारायचंय," मी म्हणाले. "कौसाबाई, घरी चहा कशातून पिता?"

बाई लाजल्या. "पेल्यातनं, बाई. कपाचा कान धरायची सवयच न्हाई."

"हा हात बसल्यापासून प्यायलात?"

"न्हाई अजून. हात इथंच असतोय ना. काम झालं की काढून घेत्यात. आता बक्षीस मिळालं की घरी न्यायचा म्हनले डॉक्टर."

मी रिसबूडांकडे वळले. "सर, मघाच्या पाण्याच्या पेल्यात चहा देऊ या का? रोजच्या वापरातलं एक बघितलं की माझा शेरा पुरा होईल."

"अवश्य!" रिसबूड म्हणाले. त्यांनी स्वतः पेला पुढे केला, स्वतः थर्मास उचलला. चहा वाफाळत होता. पेला काठोकाठ भरला.

मला आठवतं, मी माझी वही उघडून पेन हातात धरलं होतं.

रबरी बोटांनी पेला धरला. उचलला. सगळं ठीक होतं. कौसाबाई त्याच्याकडे बघत होत्या, आपण चहाचा पेला उजव्या हाताने उचलला आहे याचा आनंद त्यांच्या तोंडावर पसरत होता. पेला त्यांच्या तोंडाकडे जाईल असं मी धरून चालले होते. बसल्या जागी, टेबलाच्या वरच्या वर. पण त्या उठल्या. टेबलाला वळसा घालून दोन पावलं माझ्याकडे आल्या आणि पेला माझ्यापुढे धरला.

"आधी तुमी घ्या बाई. तुमी इचारलं."

मी हात पुढे केला नाही. मी त्या बोटांकडे बघत होते. पेला अर्धं बोट खाली आला होता. बोटं तशीच, सैल, आज्ञाधारक. मोटारीचा आवाज नाही. पेला आणखी सरकला. मी "अहो" एवढंच म्हणाले.

पेला सुटला, आणि बाईने कुणीही करेल तेच केलं. डाव्या हाताने तो झेलला.

तो झेललाही. पडू दिला नाही. कढत चहा मनगटावरून कोपरापर्यंत गेला तरी दोन-तीन क्षण तो पेला त्यांनी घट्ट धरून ठेवला होता, पाहुण्यांच्या अंगावर सांडू नये म्हणून. मग किंकाळी आली.

*

दवाखान्याच्या जिन्यात रिसबूडांनी मला गाठलं. त्यांच्या सदऱ्यावर चहाचे डाग होते.

"तू मुद्दाम केलंस."

"काय केलं सर? चहा द्या म्हटलं."

"तुला माहीत होतं, की गरम झाल्यावर ते..." ते थांबले.

"काय ते? बोला ना. तुमच्या पेपरात तर लिहिलंय, दहा ते साठ अंशांपर्यंत फिल्म सारखीच चालते. चौथी आकृती. सरळ रेघ आहे."

"ती रेघ तू काढलीस, वासंती. तुझ्या हातची आहे ती."

"चाळीसपर्यंत मी मोजून काढली. पुढची तुम्ही काढायला लावलीत. सरळच जाणार आहे, वेळ कशाला घालवतेस, परवा पेपर पाठवायचाय, असं म्हणालात. मी काढली. ते माझं चुकलं." मी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होते. हे वाक्य मी नऊ वर्षं मनात म्हणत आले होते, तरी ते एवढ्या सहज बाहेर पडेल असं वाटलं नव्हतं. "पण पेपर पाठवल्यावर मला राहवेना. मी बसून साठपर्यंत मोजलं. पन्नासच्या जवळ रबर मऊ पडतं. थरथर त्यातच जिरते, फिल्मपर्यंत पोचतच नाही. बोट बहिरं होतं. सतरा वेळा मोजलं, सतराही वेळा तेच. वही घेऊन तुम्हाला सांगायला आले. तुम्ही फोनवर होतात. टेबलावर छपाईचं प्रूफ पडलं होतं. पहिल्या पानावर दोन नावं होती."

रिसबूडांनी कठडा धरला.

"आणि तू गप्प बसलीस? नऊ वर्षं?"

"माझं नाव नव्हतं त्याच्यावर. मी कशाला सांगू?"

"तेराशे लोकांनी वापरलाय तो पेपर! एकाने तक्रार केली नाही!"

"तेराशे लोकांनी उल्लेख केलाय सर. गरम भांडं एकानेही उचललं नाही. तुम्हीही नाही."

ते जिन्याच्या पायरीवर बसले. साठीला टेकलेला माणूस, डोकं दोन्ही हातांत धरून. "एकदा फोन करायचास गं," ते म्हणाले. "शिव्या घालायच्या होत्यास. नाव परत मागायचं होतंस. मी दिलं असतं."

"नसतं दिलंत," मी म्हणाले.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. वरच्या मजल्यावरून बाईंचं कण्हणं ऐकू येत होतं, तरीही. पेला टेबलावर पडेल, चहा सांडेल, अध्यक्षांचे कागद भिजतील, रिसबूडांचं तोंड उतरेल, एवढंच मी मनात चितारलं होतं. बाई टेबलामागून उठून मला चहा द्यायला येतील हे माझ्या कुठल्याच हिशेबात बसलेलं नव्हतं. पण रिसबूड पायरीवर बसलेले मी बघितले आणि तेवढा वेळ मी बाकी काही ऐकलं नाही.

पुढचं सगळं माझ्या मनासारखं झालं. पुरस्कार दुसऱ्या कुणाला तरी गेला. मी जुन्या वहीची पानं, ती सतरा मोजमापं आणि त्या सकाळची हकीकत असं सगळं नियतकालिकाला पाठवलं. आठ महिन्यांनी पेपर मागे घेतला गेला. जर्मन प्राध्यापकांनी आपला प्रयोगाशी संबंध नव्हता असं लेखी कळवलं. रिसबूडांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. माझं दोन पानांचं टिपण माझ्या नावाने, गुंडावार असं बरोबर लिहून छापलं गेलं, आणि आज त्याचा संदर्भ चारशेहून अधिक जणांनी दिला आहे. स्पर्श ओळखणारी बोटं तापवून बघितल्याशिवाय आता कुणी पुढे जात नाही. कधी कधी तरुण संशोधक मला पत्र लिहितात, मॅडम, तुम्ही हे कसं ओळखलंत?

त्या टिपणासाठी मला एक गोष्ट लागत होती. अपघात ज्यांना झाला त्यांचा लेखी जबाब. म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी मी कौसाबाईंच्या खाटेशी गेले. मजकूर घरून टाईप करून नेला होता.

डावा हात बोटांपासून कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवला होता. उजव्या बाजूला नुसती बाही. यंत्राचा हात काढून नेला होता. जेवणाचं ताट तसंच होतं, वरण-भात, वाटीत कालवलेला.

"सून म्हशी बघाय गेलीया," त्या म्हणाल्या. "सिस्टर मगाशी म्हनल्या, येते म्हनून. त्यांना तरी किती जनांचं."

मी बॅग खाली ठेवली, वाटी घेतली आणि त्यांना भरवायला बसले. त्यांना संकोच झाला, पण भूक होती. चारपाच घास झाले.

"बाई, एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "डॉक्टर लई हळहळत हुते. सारखं म्हनत हुते, त्या बाईनं चहा मागाय नको हुता. म्या म्हनलं, असं कसं? त्या बाईनं इचारलं म्हनून कळलं तरी. न्हाईतर हात घरी नेला असता. माझी नात हाय दोन वर्साची, चहा करताना पायातच घुटमळती. तिच्या अंगावर गेला असता. तुमचे उपकार हायेत बाई."

माझ्या हातात घास होता.

मला गप्प बसता आलं असतं. कागद काढून अंगठ्याचा ठसा कसा घ्यायचा ते सिस्टरना विचारता आलं असतं. गप्प बसणं मला चांगलं येत होतं. पण बाईने तोंड पुढे केलं होतं, विश्वासाने, लहान मूल करतं तसं, आणि माझ्याच्याने तो घास पुढे जाईना.

"कौसाबाई, मला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"गरम लागल्यावर हात सोडून देणार हे. म्हणूनच मी चहा मागितला."

त्यांना आधी नीट कळलं नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी सगळं सांगितलं. पेपर, नाव, सतरा मोजमापं. जेवढं साधं करून सांगता येईल तेवढं.

"कवापासनं माहीत हुतं?"

"नऊ वर्षं."

"म्हंजी माझा हात जायच्या आदीपासनं."

"हो."

"आन् डॉक्टरांना पाडायचं हुतं तुमाला."

"हो."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं रडतील, ओरडतील, शिवी देतील. त्यातलं काही झालं नाही. पलीकडच्या खाटेवरची बाई ट्रान्झिस्टर ऐकत होती.

"तुमी मला चिठ्ठी टाकायची हुती बाई," त्या म्हणाल्या. "तुमचं भांडन तुमी केलं असतं. म्या चहाचा पेला उचलला नसता."

हातातला घास गार झाला होता. मी तो पुन्हा वाटीत घोळवला आणि, का ते मला आजही सांगता येत नाही, त्यांच्या तोंडापुढे धरला.

त्यांनी ओठ मिटून घेतले आणि मान भिंतीकडे वळवली.

"वाटी ठेवा तिथं," त्या म्हणाल्या. "सून येईल."

मी वाटी ताटात ठेवली. बॅगेतला कागद बॅगेतच राहिला. वॉर्डच्या दारापाशी मी सिस्टरना विचारलं, पाखरेबाईंची सून कधी येते.

"सहाला," सिस्टर म्हणाल्या.

समोरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.